सोसायटीची रिपेअरिंग, मेंटेनन्स आणि आपली जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत ४२ फ्लॅट आहेत, स्टिल्ट अधिक सात मजले, १९९१ ची बिल्डिंग. मी तिथे सहा वर्षं खजिनदार होतो आणि मध्ये दोन वर्षं सेक्रेटरीचं कामही माझ्याकडेच आलं. त्या काळात लोकांनी लिफ्टमध्ये, जिन्यात, कधी रात्री अकराला फोन करून जे प्रश्न विचारले तेच इथे घेतलेत. हे सगळं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांबद्दल आहे, म्हणजे १९६० चा सहकारी संस्था कायदा, त्यात २०१९ साली हाउसिंग सोसायट्यांसाठी घातलेलं वेगळं प्रकरण, आणि आदर्श उपविधी, म्हणजे सरकारने तयार केलेली सोसायटीच्या नियमांची नमुना प्रत. तुमच्या सोसायटीने स्वतःचे उपविधी मंजूर करून घेतलेले असतात, ते पुस्तक सेक्रेटरीकडून एकदा मागून घ्या आणि वाचा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

दर महिन्याचं मेंटेनन्स नक्की कशाकशाचं असतं?

बिलावर एकच मोठा आकडा बघू नका, खालच्या ओळी बघा. मालमत्ता कर असतो, पाणीपट्टी असते, सर्व्हिस चार्जेस असतात म्हणजे वॉचमनचा पगार, झाडूवाला, जिन्यातली लाइट, ऑडिट फी, स्टेशनरी वगैरे, मग लिफ्टचा खर्च, रिपेअर फंड, सिंकिंग फंड, पार्किंग असेल तर त्याचे पैसे, आणि मागची थकबाकी असेल तर तिच्यावरचं व्याज. प्रत्येक ओळीचा वाटणीचा नियम वेगळा आहे, आणि "सगळ्यांना सारखंच पाहिजे" की "सगळं स्क्वेअर फुटावर पाहिजे" हा वाद होतो तो हेच माहीत नसल्यामुळे.

मग माझा वन बीएचके आणि त्यांचा थ्री बीएचके, दोघांना सर्व्हिस चार्जेस सारखेच का?

कारण वॉचमन दोन्ही घरांसाठी सारखाच जागतो. आदर्श उपविधींमध्ये सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना समान आहेत, मालमत्ता कर महापालिका लावेल तसा, पाणी नळांच्या संख्येवर आणि साइजवर, आणि रिपेअर फंड व सिंकिंग फंड हे फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, म्हणजे मोठा फ्लॅट असेल तर तिथे आपोआप जास्त पडतात. मला ही वाटणी न्याय्य वाटते, कारण माणसांवर होणारा खर्च घरटी सारखा वाटलाय आणि भिंतींवर होणारा खर्च भिंतींच्या हिशेबाने.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट वापरतच नाही, तरी पैसे द्यायचे?

हो, ज्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी समान द्यायचे, वापरा किंवा नका वापरू. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या काकांनी चार वर्षं हा मुद्दा प्रत्येक एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मांडला, मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि विषय तिथेच थांबला.

सिंकिंग फंड म्हणजे काय, आणि आमचा एवढा कमी का आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी लोक विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिल्डिंग म्हातारी होते. आज ना उद्या मोठा खर्च येणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यासाठी दर महिन्याला बाजूला काढलेले पैसे म्हणजे सिंकिंग फंड. उपविधी म्हणतात की जमिनीची किंमत सोडून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, आणि नेहमीच्या दुरुस्तीसाठी किमान ०.७५ टक्के रिपेअर फंड. यातला "किमान" हा शब्द लोक गिळून टाकतात.

आमचंच उदाहरण घ्या. १९९१ ला एका फ्लॅटचा बांधकाम खर्च धरला होता साधारण दोन लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे वर्षाला ५०० रुपये, महिन्याला बेचाळीस. ४२ फ्लॅटचे मिळून वर्षाला २१,०००. तीस वर्षं एकही हप्ता न चुकता जमा झाले तरी ६ लाख ३० हजार, वर व्याज. आणि जेव्हा बाहेरचं प्लास्टर, कॉलम आणि टेरेस असं सगळं मिळून काम काढलं तेव्हा अंदाज आला ४६ लाखांचा! कोणी पैसे खाल्ले नव्हते, हिशेब चोख होते, फक्त १९९१ च्या खर्चावर ठरवलेली रक्कम कोणी तीस वर्षांत वाढवलीच नाही, कारण प्रत्येक एजीएममध्ये कोणीतरी उठून म्हणायचं की मेंटेनन्स वाढवू नका आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मीही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो, खजिनदार व्हायच्या आधी.

शेवटी प्रत्येक घरावर १ लाख १० हजार आले, अकरा-अकरा हजारांच्या दहा हप्त्यांत. (सगळे फ्लॅट जवळपास सारख्या एरियाचे आहेत म्हणून समान वाटले.) पेन्शनवर राहणारे एक आजोबा प्रत्येक हप्त्याला चेक घेऊन स्वतः खाली यायचे आणि म्हणायचे, हे महिन्याला दोनशे-तीनशे करून आधीच घेतले असते तर मला जाणवलंही नसतं. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा पुढच्या एजीएमला एकच करा, सिंकिंग फंडाची रक्कम आजच्या बांधकाम खर्चावर ठरवायचा ठराव आणा. जनरल बॉडीला, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेला, किमानपेक्षा जास्त ठरवायचा पूर्ण अधिकार आहे.

सिंकिंग फंड कुठे ठेवायचा? चालू खर्चाला वापरला तर चालतो का?

नाही चालत. तो वेगळा गुंतवायचा, कायद्याच्या कलम ७० मध्ये सोसायटीने पैसे कुठे गुंतवायचे ते दिलंय, तुमच्या ऑडिटरला विचारून तशीच एफडी करा आणि पावत्या एजीएममध्ये दाखवा. वापरायचा तो जनरल बॉडीच्या मंजुरीने आणि आर्किटेक्टच्या सर्टिफिकेटवर, पुनर्बांधणीसाठी, स्ट्रक्चरमध्ये करायच्या बदलांसाठी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी. वॉचमनचा पगार थकला म्हणून एफडी मोडली हे ऐकलं की समजायचं, मेंटेनन्सच कमी पडतंय.

वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून येतंय, खर्च कोणाचा?

बाथरूम, टॉयलेट, सिंक यांचं आतलं लिकेज असेल तर खर्च संबंधित फ्लॅटवाल्यांचा, सोसायटीशी बोलून. बाहेरच्या कॉमन पाइपचं किंवा ड्रेनेज लाइनचं असेल, किंवा पावसाचं असेल, तर खर्च सोसायटीचा. म्हणजे सगळं भांडण एका प्रश्नावर येतं, पाणी येतंय कुठून?

आणि इथेच लोक अंदाजावर खर्च करतात. आमच्या चौथ्या मजल्यावर ओल होती, वरच्यांनी बिचाऱ्यांनी सगळ्या टाइल्स काढून नव्याने वॉटरप्रूफिंग केलं, नव्वद हजार घातले, आणि ओल तशीच. मग एक जुना प्लंबर आला. त्याने आधी काहीच फोडलं नाही. नहाणी ट्रॅप (बाथरूममधलं पाणी जायचं तोंड) कापडाच्या गोळ्याने बंद केला, बाथरूममध्ये तीन इंच पाणी साठवलं, त्यात चमचाभर नीळ टाकली आणि म्हणाला उद्या येतो. दुसऱ्या दिवशी खाली जे पाणी टपकत होतं ते स्वच्छ होतं, निळं नव्हतं. म्हणजे फरशीतून येतच नव्हतं. मग डक्टमध्ये उतरून बघितलं तर कास्ट आयर्नच्या उभ्या पाइपच्या जॉइंटला केसाएवढी चीर, सकाळी सगळे आंघोळी करतात तेव्हाच तिच्यातून पाणी यायचं. तो पाइप कॉमन, खर्च सोसायटीचा, चार हजारांत काम झालं.

म्हणून आधी टेस्ट, मग तोडफोड. नळाचे कनेक्शन बंद करून मीटर फिरतंय का बघा, ट्रॅप बंद करून पाणी साठवा, ओल फक्त पावसात वाढते का बारा महिने असते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि वरच्यांचं लिकेज सिद्ध झालं तर खालच्यांच्या छताचं प्लास्टर आणि रंगही त्यांनीच करून द्यावा, माझं तरी स्पष्ट मत आहे.

वरचे दारच उघडत नाहीत. आता?

तोंडी सांगणं बंद करा आणि सोसायटीला लेखी अर्ज द्या, फोटोसकट, पोच घ्या. उपविधींप्रमाणे सेक्रेटरी आणि कमिटीचा एक मेंबर आगाऊ सूचना देऊन फ्लॅटची पाहणी करू शकतात आणि सभासदाने ती करू द्यायची असते. मग काय दुरुस्ती हवी याची नोटीस द्यायची, तरीही केली नाही तर सोसायटी स्वतः काम करून खर्च त्या सभासदाच्या बिलात लावू शकते. अनुभव सांगतो, बहुतेक वेळा दार न उघडण्यामागे पैशाची भीती असते, आडमुठेपणा नसतो. आमच्या एका ताईंना कोणीतरी सांगितलं होतं की लाखभर खर्च येईल, त्या घाबरून फोन उचलत नव्हत्या, आम्ही कोटेशन हातात दिलं अठरा हजारांचं आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी काम सुरू केलं.

आम्ही टॉप फ्लोअरवर आहोत, टेरेस गळतं. कमिटी म्हणते तुमचं तुम्ही बघा.

चूक म्हणते. टेरेस सगळ्यांचं आहे, टेरेसची, पॅरापेटची, वरच्या स्लॅबची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, आणि टेरेसमधून पावसाचं पाणी येऊन टॉप फ्लोअरच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. खालच्या मजल्यांवरच्यांना पटत नाही कारण त्यांचं घर कोरडं असतं. आमच्या सातव्या मजल्यावर एका घरात मुलीचं अभ्यासाचं टेबल खिडकीजवळच्या कोपऱ्यात होतं, तिथे थेंब पडायला लागले म्हणून ते पॅसेजमध्ये आलं आणि तिने दहावी चपलांच्या स्टँडशेजारी बसून केली. मी कमिटीला घेऊन ते घर बघायला गेलो होतो, तोपर्यंत "टेरेसचं पुढच्या वर्षी बघू" असंच चाललं होतं.

काम करताना एक नक्की करा, जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर अजून एक असे थर चढवत जाऊ नका, वरच्या स्लॅबवर वजन वाढत राहतं. आणि काम संपल्यावर टेरेसवर पाणी साठवून टेस्ट घेतल्याशिवाय शेवटचं पेमेंट देऊ नका.

आणि बाहेरच्या भिंतीतून ओल येत असेल तर?

भिंत बाहेरची, खर्च सोसायटीचा. पण ग्रिल लावताना, एसीचं युनिट बसवताना भिंतीत भोकं पाडून नीट भरली नसतील आणि पाणी तिथूनच येत असेल तर ते ज्यांनी पाडली त्यांनी निस्तरायचं.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी करायचं? सी-२बी वगैरे काय असतं?

उपविधींप्रमाणे बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी एकदा, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी. काम महापालिकेच्या पॅनलवरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करायचं. ते बघतात, ठोकतात, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिकसारख्या टेस्ट घेतात, सळईला गंज किती लागलाय ते तपासतात आणि मग वर्ग देतात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. रिपोर्ट सगळ्या सभासदांना द्या, कपाटात ठेवू नका. फ्लॅटचा भाव पडेल म्हणून रिपोर्ट लपवणारे लोक मी बघितलेत, त्याच छताखाली त्यांची नातवंडं झोपतात.

मोठं रिपेअरिंग काढायचं आहे, सुरुवात कुठून करू?

कॉन्ट्रॅक्टरपासून करू नका! बहुतेक सोसायट्या तिथेच फसतात, तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावतात, तिघे तीन वेगळ्या कामांचे तीन वेगळे आकडे देतात आणि आपण सगळ्यात कमीवाल्याला देतो. आधी इंजिनिअर नेमा, त्याच्याकडून कामाचं मोजमापासकट लिखित शेड्युल करून घ्या, किती स्क्वेअर फूट प्लास्टर, किती कॉलमला जॅकेटिंग (कॉलमभोवती मजबुतीचा नवा थर), किती पॉलिमर ट्रीटमेंट, आणि त्याच एका कागदावर सगळ्यांकडून रेट मागवा. सीलबंद कोटेशन सभासदांसमोर उघडा.

परांची बांधली की इंजिनिअरबरोबर स्वतः वर चढा, चढता येत असेल तर. आमचा इंजिनिअर लाकडी हातोडी घेऊन भिंतीवर हळू ठोकत जायचा. चांगलं प्लास्टर टणटण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं, मातीचं मडकं तडकल्यावर वाजतं ना तसं. जिथे बद्द वाजलं तिथे तो खडूने चौकोन काढायचा आणि मी वहीत लांबी-रुंदी लिहून फोटो घ्यायचो. पहिल्या बिलात कॉन्ट्रॅक्टरने सोळाशे स्क्वेअर फूट लावले, आमच्या वहीत बाराशे चाळीस होते. फोटो समोर ठेवले, काही न बोलता बिल दुरुस्त झालं. ती वही नसती तर साडेतीनशेहून जास्त स्क्वेअर फुटांचे पैसे गेले असते आणि कोणाला कळलंही नसतं.

अॅडव्हान्स कमीत कमी, पेमेंट मोजमापावर, शेवटचे काही टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी लेखी घ्या आणि त्यात नक्की काय कव्हर आहे ते वाचा. काम दसरा-दिवाळीनंतर सुरू करा, टेरेस मेअखेरपर्यंत संपलंच पाहिजे. आणि गंजलेल्या सळईवर नुसतं सिमेंट थापू देऊ नका, गंज पूर्ण घासून, केमिकल लावून, गरज असेल तिथे नवीन सळई बांधून मगच भरायचं, हे बघायला रोज कोणीतरी एक जण हजर पाहिजे. आमच्याकडे दोन रिटायर्ड काका आणि एक गृहिणी अशी तिघांची ड्युटी होती आणि काम त्यांच्यामुळेच चांगलं झालं.

कमिटी जनरल बॉडीला न विचारता किती खर्च करू शकते?

आदर्श उपविधींप्रमाणे रिपेअरवर एका वेळी, २५ पर्यंत सभासद असतील तर २५ हजार, २६ ते ५० असतील तर ५० हजार, ५१ आणि पुढे १ लाख. त्यावर गेलं की आधी जनरल बॉडी. पाण्याचा पंप जळला अशी इमर्जन्सी असते तेव्हा काम करा, पण पुढच्या मीटिंगला कागद ठेवा.

एजीएमला कोणी येतच नाही, मग ठराव कसे करायचे?

कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. तेवढे नसतील तर नोटिशीत आधीच लिहिल्याप्रमाणे त्याच दिवशी उशिराच्या वेळेला तहकूब सभा घेता येते आणि तिला कोरम लागत नाही. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस १४ दिवस आधी. आणि जे येत नाहीत त्यांना मनापासून सांगतो, तुमच्या घरावर लाख रुपये लावायचे की नाही हे बाकीचे वीस जण ठरवणार आहेत, दोन तास काढा.

एक सभासद पैसे भरतच नाही. त्यांचं पाणी तोडावं का?

नको. थकबाकीसाठी कोणाचं पाणी किंवा लाइट तोडायचा अधिकार कायद्याने सोसायटीला दिलेला नाही, उलट सोसायटीच अडचणीत येते. योग्य रस्ता आहे वसुली दाखल्याचा. आधी कलम १०१ होतं, २०१९ नंतर हाउसिंग सोसायट्यांसाठी १५४ब-२९ आहे. नोटिसा द्यायच्या, हिशेबाचा उतारा, ठराव वगैरे लावून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. मोठ्या रिपेअरचं कॉन्ट्रिब्यूशन थकवलं तरी हाच रस्ता. वेळ लागतो, पण पैसे येतात.

व्याज जास्तीत जास्त वर्षाला २१ टक्के, आणि तेही सरळव्याज. ३० हजार वर्षभर थकले तर ६,३०० रुपये व्याज, त्याच्या वर नाही. कितीतरी सोसायट्यांची बिलिंग सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावत असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, तुमचं एकदा कॅल्क्युलेटरवर तपासून बघा.

एक विनंती, नोटीस पाठवायच्या आधी एकदा घरी जाऊन बसा. आमचे तीन थकबाकीदार होते, एकाची नोकरी गेली होती, एकाचे भावाशी वाद होते, आणि तिसऱ्याला खरंच द्यायचे नव्हते. पहिल्या दोघांना जनरल बॉडीकडून हप्ते मंजूर करून दिले, पूर्ण पैसे आले. तिसऱ्यासाठी दाखला काढला. थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकणं मात्र मला कधीच पटलं नाही, लहान मुलं असतात त्या घरात.

फ्लॅट भाड्याने दिलाय, सोसायटी दुप्पट मेंटेनन्स मागते.

नाही मागू शकत. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायचे पैसे) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. लक्षात घ्या, पूर्ण बिलाच्या नाही, फक्त सर्व्हिस चार्जेसच्या. ते १,२०० असतील तर जास्तीत जास्त १२०. आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही. मालकाने काय करायचं तर लीव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी सोसायटीला द्यायची. आणि भाडेकरूच्या नावाने बोटं मोडण्याआधी बघा, आमच्या रिपेअरच्या वेळी परांचीमुळे दोन महिने खिडक्या बंद ठेवून सगळ्यात कमी तक्रार केली ती भाडेकरूंनी.

फ्लॅट विकताना सोसायटी पन्नास हजार "डोनेशन" मागते, द्यायचं का?

महापालिका क्षेत्रात ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, त्यावर ट्रान्सफर फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १००. बिल्डिंग फंड, डोनेशन, काहीही नाव दिलं तरी जबरदस्तीने जास्त घेता येत नाही. विकत घेणाऱ्यांनी मात्र नो ड्यूज सर्टिफिकेट घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये, आणि सोबत शेवटचा स्ट्रक्चरल रिपोर्ट आणि सिंकिंग फंडाच्या एफडीची रक्कम विचारावी. टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघण्यापेक्षा या दोन कागदांतून जास्त कळतं.

वडील वारले, नॉमिनेशन माझ्या नावावर आहे, म्हणजे फ्लॅट माझा झाला ना?

नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा तो माणूस, मालकी वारसांची. आता कायद्यात वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करायची तरतूद आहे. दरम्यान मेंटेनन्स थांबत नाही, ते भरत राहा, थकबाकी फ्लॅटबरोबरच येते.

घरात इंटिरियरचं काम काढतोय, सोसायटीला विचारायची काय गरज, घर माझं आहे.

रंग, फर्निचर तुमचं, पण भिंत काढणं, बाल्कनी आत घेणं, बाथरूमची जागा बदलणं, फरशीवर फरशी टाकणं यासाठी लेखी परवानगी घ्याच. तुमच्या घरातला कॉलम खाली सहा घरांतून जातो. आमच्याकडे एकांनी किचनचा ओटा सरकवण्यासाठी बीमला तीन इंच खाच मारली होती, ती ऑडिटच्या वेळी सापडली.

जीएसटी आणि टीडीएसची भानगड काय आहे?

महिन्याचं मेंटेनन्स दर सभासदामागे ७,५०० च्या वर आणि सोसायटीचं वर्षाचं उत्पन्न २० लाखांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच १८ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर) मात्र छोट्या सोसायट्याही विसरतात, कॉन्ट्रॅक्टरचं एक बिल ३० हजारांवर किंवा वर्षात मिळून एक लाखावर गेलं की कापावा लागतो, त्यासाठी सोसायटीकडे टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याचा खाते क्रमांक) हवा. सीएला विचारून करा.

फायर सिस्टीमची तपासणी कोणी करायची?

सोसायटीनेच. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून तपासून फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. नुसता सिलिंडर टांगून उपयोग नाही, होज रीलला पाणी येतं का ते उघडून बघा.

आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. हेच नियम लागतात का?

सगळे नाही. पुण्यात असे कॉन्डोमिनियम खूप आहेत, ते १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येतात. तिथे तुमच्या नावावर फ्लॅटबरोबर जमीन आणि कॉमन भागातला अविभक्त हिस्सा टक्क्यांमध्ये असतो, तो डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये लिहिलेला आहे, आणि कॉमन खर्च त्याच टक्केवारीने वाटायचा. म्हणजे मोठ्या अपार्टमेंटवाल्याने वॉचमनसाठीही जास्त द्यायचे. इतर फरकही आहेत, म्हणून आधी स्वतःचं डिक्लेरेशन काढून वाचा. बिल्डिंग मात्र दोन्हीकडे सारखीच गळते, टेस्ट, इंजिनिअर, मोजमापाची वही हे सगळं तसंच लागू.

कमिटी हिशेब दाखवत नाही. तक्रार कुठे करू?

सभासदाला ऑडिट झालेले हिशेब, मिनिट्स, सभासदांची नोंदवही बघायचा आणि फी भरून कॉपी घ्यायचा हक्क आहे. आधी लेखी मागा. मिळालं नाही तर उपनिबंधक कार्यालय. लिकेज, सभासदांमधले आणि सोसायटीबरोबरचे कामकाजाचे वाद, हे कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. चुकीच्या दारात अर्ज दिला तर वर्ष वाया जातं.

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग आता रिपेअरवर पैसे कशाला घालवायचे?

आमच्याकडे हे वाक्य मी पहिल्यांदा २०१२ मध्ये ऐकलं. कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशाप्रमाणे प्रक्रिया मोठी आहे, दोन तृतीयांश कोरम, ५१ टक्के सभासदांची लेखी संमती, आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रोजेक्टचा सल्लागार), फिजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर डेव्हलपरची निवड. सगळं सरळ चाललं तरी वर्षं जातात, आणि कन्व्हेयन्स (जमीन आणि बिल्डिंग सोसायटीच्या नावावर करून घेणं) झालेलं नसेल तर आधी तेच. इंजिनिअर सी-१ म्हणाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा रिपेअर नाही, बाहेर पडा. पण सी-२बी असेल तर प्रत्येक पावसाळ्यात सळई गंजतच असते, ती रीडेव्हलपमेंटची वाट बघत नाही.

आमची रीडेव्हलपमेंटची फाइल अजून पीएमसीकडे आहे. रिपेअर होऊन चार पावसाळे झाले. सातव्या मजल्यावरची ती मुलगी आता कॉलेजला आहे आणि तिचं टेबल परत खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेलंय, गेल्या जुलैत तीन दिवस पाऊस लागून होता तेव्हा मी मुद्दाम जाऊन वर हात लावून बघितला, छत कोरडं होतं.